फैजपूरचा मांडव

कोणत्याहि नाट्यगृहाच्या किंवा सभागृहाच्या दारांत आपण क्षणभर थांबलांत, तर भिंतींत बसविलेला एक फलक आपल्या दृष्टीस पडेल. उद्घाटन कोणाच्या हस्तें झालें, अध्यक्षस्थानीं कोण होतें, देणगी कोणीं व किती दिली, हें सर्व त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असतें. ज्यानें त्या इमारतीची पहिली रेघ कागदावर ओढली, त्याचें नांव मात्र तेथें क्वचितच आढळतें. त्यानें आपला मेहनताना घेतला असेल, तर ‘त्याचें त्याला पोंचलें’ असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. परंतु ज्यानें कांहींएक न घेतां आराखडा करून दिला, त्याचें काय? आज मी जी हकीकत सांगणार आहे, ती अशाच प्रकारच्या एका कामाची आहे. ती इ. स. १९३६ च्या डिसेंबर महिन्यांत खानदेशांतील फैजपूर गांवीं घडली. ती आजच कां सांगावीशी वाटली, याचें कारण आमच्या बजाजनगरांतील आहे, आणि तें ओघानें शेवटीं येईलच.

कलेला घर लागतें, आणि घर बांधण्यास पैसा लागतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असें नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तें श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. पुढें नाटकमंडळ्या गांवोगांव फिरूं लागल्या, तेव्हां वाड्याचा चौक, देवळाचें आवार, किंवा भाड्यानें घातलेला मांडव, जें मिळेल त्यांत त्यांनीं भागविलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१३ सालीं आरंभ करून १९१५ सालीं ‘पॅलेस थिएटर’ पुरें केलें. त्यालाच पुढें संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. तें थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या अगदीं आदल्या दिवशीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, हें आपण सर्वांनीं हळहळत वाचलेंच असेल. राजानें मनावर घेतलें म्हणजे असें घर उभें राहतें. पण ज्यांच्या पाठीशीं राजा नाहीं आणि सावकारहि नाहीं, अशा मंडळींनीं काय करावें? त्यांना दोनच गोष्टी मागतां येतात: एक, लोकांची वर्गणी, आणि दुसरी, कोणा जाणत्याचें कसब. वर्गणीची पावती फाडतां येते. कसबाची पावती फाडण्याची रीत आपल्याकडे अजून पडलेली नाहीं.

आतां फैजपूरकडे वळूं. काँग्रेसचीं वार्षिक अधिवेशनें तोंवर मोठमोठ्या शहरांतून भरत आलीं होतीं. राष्ट्राचे बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात, तर राष्ट्राची सभाहि खेड्यांतच भरली पाहिजे, हा आग्रह गांधीजींचा. त्याच्याच जोडीला त्यांचा दुसरा एक आग्रह होता. अधिवेशनासोबत भरणारें प्रदर्शन हें नुसती करमणूक न राहतां खेड्यांतील कारागिरांची शाळा व्हावें, असें त्यांना वाटे. त्यासाठीं १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. वर्ध्यास त्या संघाला जागा हवी होती, ती जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व तींतील घर देऊन पुरविली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी म्हणूं लागले. (आमच्या वसाहतीस बजाजनगर हें नांव मिळालें तें त्याच घराण्याच्या कारखान्यामुळें. येथील तरुण पिढीला या नांवाबरोबर दुचाकी गाडी आठवते, मगनवाडी आठवत नाहीं. हा दोष अर्थात् आम्हां शिक्षकांचा.)

पन्नासाव्या अधिवेशनासाठीं त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांतील फैजपूर हें गांव ठरलें. सातपुड्याच्या पायथ्याचा, काळ्या जमिनीचा आणि केळीच्या बागांचा हा मुलूख. शंकरराव देव हे स्वागताध्यक्ष होते. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे त्या भागांतील कार्यकर्ते राबत होते, आणि साने गुरुजी खेडोंपाडीं हिंडून लोकांस जागे करीत होते. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस, म्हणजे आमच्या बाजूस, तेव्हां निजामाचें राज्य होतें. स्टेट काँग्रेसवर तेथें दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, ती नीट स्थापन होण्याच्या आधींच बंदी यावयाची होती. डोंगराच्या एका अंगाला राष्ट्रसभेचें नगर वसावें आणि दुसऱ्या अंगाला चार माणसांनीं एकत्र बसून राजकारण बोलण्याचीहि चोरी असावी, अशी ती स्थिति होती.

हें नगर उभारावयाचें कोणीं? गांधीजींनीं शांतिनिकेतनांतून नंदलाल बोस यांना बोलाविलें. नंदबाबू त्या वेळीं चोपन्न वर्षांचे, कलाभवनाचे प्रमुख, देशभर नांवाजलेले चित्रकार. आम्हां मराठवाड्याच्या लोकांस त्यांचें नांव परकें वाटण्याचें कारण नाहीं. लेडी हेरिंगॅम या इंग्रज बाईंनीं १९०९ ते १९११ च्या दरम्यान दोन हिवाळे अजिंठ्यास तळ देऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्या कामासाठीं अवनींद्रनाथ ठाकुरांचे जे तरुण शिष्य आले, त्यांत नंदलाल होते, असितकुमार हालदारहि होते. लेण्यांच्या अंधारांत मशालीच्या किंवा परावर्तित उजेडांत एकेक रेषा उतरून घेण्याचें तें काम किती जिकिरीचें, हें अजिंठ्यास गेलेला कोणीहि सांगेल. त्या नकलांचें पुस्तक १९१५ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालें. म्हणजे फैजपूरला येण्यापूर्वीं पंचवीस वर्षें आधींच ज्याचा हात या डोंगरानें घडविला होता, असा हा माणूस.

तरीहि बोलावणें आलें तेव्हां नंदबाबू कचरले, असें सांगतात. मी चित्रकार आहे, घरें-मांडव उभारण्याची विद्या माझी नव्हे, हें त्यांचें म्हणणें प्रामाणिकपणाचें होतें. गांधीजींचें उत्तर अशा आशयाचें होतें कीं, मला पियानोवरचा पट्टीचा वादक नको आहे, साधें तंतुवाद्य कां असेना, पण तें भक्तीनें वाजविणारा हवा आहे. या उत्तरांतील गोडवा मला मान्य आहे. परंतु बांधकामाच्या बाबतींत केवळ भक्तीवर भागत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मांडव कोसळला तर भक्ताच्याहि डोक्यावर कोसळतो. म्हणून नंदबाबूंच्या जोडीला एक स्थापत्यविशारद होते. त्यांचें नांव म्हात्रे.

काम व्यवहाराचें नव्हतें, सेवेचें होतें, आणि वेळ जेमतेम दोन महिन्यांचा. सिमेंट व लोखंड यांना फांटा देऊन आसपास जें मिळेल त्यांतच सर्व उभें करावयाचें, ही अट. बांबू, गवत आणि गांवांतील माणसांचे हात, एवढ्या भांडवलावर टिळकनगर उभें राहिलें. हें ऐकावयास सोपें वाटतें. बांबूचें काम ज्यानें जवळून पाहिलें आहे, त्याला त्यांतील अवघडपण कळेल. बांबू अवेळीं तोडला तर त्याला भुंगा लागतो व आंतून पीठ होतें. त्यांत खिळा ठोकावा तर तो उभा चिरतो, म्हणून सांधा दोरीनें बांधावा लागतो. बांधणारा कसबी नसेल तर पहिल्याच वावटळींत सांधा सैल होतो. छप्पर हलकें असल्यामुळें वारा तें खालून उचलूं पाहतो. तेव्हां तें वर तोलून धरण्याइतकेंच खालीं जखडून ठेवण्याचेंहि कौशल्य लागतें. दगडाच्या इमारतींत चुकलेली रेघ भिंतीच्या जाडींत लपून जाते. बांबूच्या मांडवांत सारा सांगाडा उघडा, त्यामुळें प्रत्येक रेघ चारचौघांत उभी असते. म्हात्रे यांनीं मापें धरावीं आणि नंदबाबूंनीं त्या मापांना रूप द्यावें, अशी ती जोडी जमली असली पाहिजे. कारण पुढें गांधीजींनीं श्रेय दिलें तें दोघांना एकाच वाक्यांत दिलें.

प्रदर्शनाचें उद्घाटन २५ डिसेंबर रोजीं गांधीजींच्या हस्तें झालें. त्या दिवशींच्या भाषणांत त्यांनीं आरंभींच सांगितलें कीं येथील मांडणीचें श्रेय स्थापत्यकार म्हात्रे आणि कलावंत नंदलाल बोस यांचें आहे. पुढें ते जें म्हणाले तें कोणाहि कार्यकारी मंडळानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मला काय हवें तें मीं नंदबाबूंना समजावून दिलें, आणि त्या कल्पनेला मूर्त रूप देण्याचें त्यांच्यावर सोडून दिलें. कारण निर्मिति करणारे कलावंत ते आहेत, मी नाहीं. देवानें मला कलेची जाण दिली, पण ती प्रत्यक्षांत उतरविणारीं इंद्रियें दिलीं नाहींत. गांधीजींसारखा माणूस, ज्याचा शब्द त्या मैदानावर कायदाच होता, तो आपली मर्यादा अशी भर सभेंत सांगतो! आराखड्यांत रोज नवा बदल सुचविणारे जे चिटणीस व खजिनदार मीं आयुष्यांत पाहिले, त्यांत स्वतःस न गाळतां मी हें बोलत आहे.

अधिवेशन २७ व २८ डिसेंबरला झालें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. त्यांची मिरवणूक नंदबाबूंनीं सजविलेल्या रथांतून निघाली. रथाला बैलांच्या सहा जोड्या होत्या. शेतकऱ्याच्या पोरानें पोळ्याच्या दिवशीं जें वैभव पाहिलेलें असतें, तेंच येथें राष्ट्राध्यक्षाच्या दिमतीला आलें, यांतील मर्म खानदेशांतील माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. झेंडा चढवितांना तो मध्येंच अडकला व शिरपूरकडील एका तरुणानें उंच खांबावर सरसर चढून तो मोकळा केला, ही हकीकत त्या भागांत अजून आवडीनें सांगतात. शेतकऱ्यांच्या प्रश्नांसंबंधीं महत्त्वाचा ठराव याच अधिवेशनांत झाला. राजकारणाचा तो भाग इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहे, म्हणून मी तेथें रेंगाळत नाहीं.

अधिवेशन संपलें. गांवचें लग्न उरकल्यावर मांडव उतरवितात, तसें हें नगरहि उतरलें. बांबूचें काम म्हणजे पाण्यावरची रांगोळीच. पुढें १९३८ च्या फेब्रुवारींत तापीकांठीं हरिपुऱ्यास अधिवेशन भरलें, तेव्हां नंदबाबूंना पुन्हां बोलावणें आलें. त्या वेळीं त्यांनीं व त्यांच्या साह्यकांनीं मिळून सुमारें चारशें चित्रफलक केले: ढोलकी वाजविणारा, कुंभार, दळणारी बाई, असे साध्या माणसांचे. त्यांतील पुष्कळ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. त्यामुळें हरिपुरा जगाच्या लक्षांत राहिलें. फैजपूर त्याची पहिली पायरी, पण तिच्यावर दाखवावयास एकहि बांबू उरला नाहीं. नंदबाबूंनीं पुढें आपल्या शिष्यांसह भारताच्या संविधानाची पानें सजविलीं; ते १९६६ सालीं निवर्तले, आणि त्यांच्यावर ग्रंथ झाले. म्हात्रे मात्र त्या भाषणांत आडनावापुरते येतात आणि आडनावापुरतेच राहतात. चित्र उरतें, म्हणून चित्रकार उरतो. मांडव उतरला कीं मांडवकरी गेला. अन्याय कोणीं मुद्दाम केला असें नाहीं, पण झाला.

याच्या उलट एक उदाहरण इटलींतील आहे. व्हिचेंझा या शहरांत १५५५ सालीं विद्याप्रेमी गृहस्थांनीं ‘ओलिंपिक अकादमी’ नांवाचें मंडळ काढलें. आन्द्रेआ पालादिओ हा त्या काळचा श्रेष्ठ स्थापत्यकार त्याच्या संस्थापक सभासदांपैकीं एक. मंडळाला नाटकें करावयास स्वतःचें घर हवें होतें. १५८० सालीं पालादिओनें त्याचा आराखडा केला, काम सुरू झालें, आणि त्याच वर्षीं तो वारला. नंतर स्कामोत्सी यानें तें पुढें नेलें, व १५८५ च्या मार्चमध्यें तेथें ‘ईडिपस’ नाटकाचा प्रयोग झाला. गंमत अशी कीं त्या रंगपीठाच्या मागील भव्य भिंतींत जे पुतळे आहेत ते सभासदांचे. ज्यानें त्यानें आपापल्या पुतळ्याचा खर्च सोसलेला. देणगीदारांच्या फलकाची आवड केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं! पण आज जगांतून लोक तेथें जातात ते त्या पुतळ्यांतील कोणा सरदाराला पाहण्यास नव्हे, तर पालादिओचें काम पाहण्यास. दगड त्याच्या बाजूनें उभा राहिला. शांतिनिकेतनांतहि रवींद्रनाथांचीं उदयन, कोणार्क, श्यामली हीं घरें ज्यांच्या कल्पनेंतून उतरलीं, ते सुरेंद्रनाथ कर हे कलाभवनांतील चित्रकार-शिक्षक होते. स्थापत्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांचें नांव टिकलें, कारण घरें टिकलीं व घरांत राहणारा कवि मोठा होता.

आतां बजाजनगरची गोष्ट. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या या वस्तींत विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोठकोठून माणसें कामासाठीं येऊन राहिलीं आहेत. आषाढीला जवळच्या पंढरपुरांत विठ्ठलदर्शनासाठीं लोटणारी गर्दी ज्यांनीं पाहिली, त्यांना या वस्तीची मुळें किती गांवांत पसरलीं आहेत याची कल्पना येईल. येथें एक हौशी नाट्यमंडळ आहे. सभासद बहुतेक कारखान्यांतले. पहिली पाळी सुटली कीं डबा घेऊन सरळ तालमीला येतात, आणि कामगार नाट्यस्पर्धेसाठीं दरसाल एक नाटक बसवितात. मी त्यांचीं पुस्तकें तपासतों, उच्चार सुधारतों, एवढाच माझा संबंध. वर्षानुवर्षें त्यांची तालीम एका पत्र्याच्या शेडमध्यें होई. पावसाळ्यांत सर पत्र्यावर आली कीं पात्रांचे ओंठ हलतांना दिसत, शब्द ऐकूं येत नसे.

तीन वर्षांपूर्वीं मंडळानें ती शेड दुरुस्त करून छोटेंसें रंगपीठ करावयाचें ठरविलें. शहरांतील एका तरुण स्थापत्यविशारदाला आम्ही गांठलें. पैसे नाहींत, हें आम्हीं पहिल्याच भेटींत सांगितलें. तो नुसता हसला. त्यानंतर लागोपाठ सात रविवार तो आला. पहिल्या रविवारीं त्यानें कांहीं न मोजतां दोन तास आमची तालीम पाहिली. मग त्यानें मापें घेतलीं, दुपारच्या उन्हाची तिरीप कोठून येते तें पाहिलें, आणि जुन्या पत्र्याखालीं बांबूच्या तट्ट्यांचा एक थर बसवून मध्यें पोकळी सोडण्यास सांगितलें. सरीचा आवाज पुष्कळ मरेल, व उन्हाळ्यांत उष्माहि कमी होईल, असें त्याचें म्हणणें. रंगपीठाची उंची त्यानें दीड हातांपेक्षां जास्त होऊं दिली नाहीं, कारण आमचा प्रेक्षक सतरंजीवर बसतो. आम्हीं मात्र त्याचा नकाशा तीनदां बदलविला. एकदां देणगीदारांसाठीं पुढें खुर्च्यांची रांग हवी म्हणून, एकदां कमान हवी म्हणून, आणि तिसऱ्यांदां ती कमान नको म्हणून. तिन्ही वेळां त्यानें तक्रार न करतां नवा कागद आणून दिला.

काम पुरें झालें. पावसाळा आला, आणि तट्ट्यांनीं आपलें काम चोख केलें. दारावर फलक लावावयाचा ठरला. अक्षर चांगलें म्हणून मजकूर लिहून देण्याचें माझ्याकडे आलें. पत्रे कोणीं दिले, सिमेंटच्या गोण्या कोणीं दिल्या, पंखे कोणीं दिले, उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, सर्व मीं नीट, मानाच्या क्रमानें लिहिलें. शुद्धलेखन दोनदां तपासलें. फलक लागला, समारंभ झाला, तो तरुण मागच्या ओळींत सतरंजीवर बसून नाटक पाहून निघून गेला. त्याचें नांव फलकावर नाहीं, हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. कोणीं मुद्दाम गाळलें नव्हतें. देणग्यांच्या वहींत त्याच्या नांवापुढें रक्कम नव्हती, आणि मीं मजकूर त्या वहीवरून उतरविला होता.

गेल्या उन्हाळ्यांत फैजपूरसंबंधीं वाचीत असतांना गांधीजींचें तें भाषण माझ्या समोर आलें. ‘म्हात्रे’ या शब्दापाशीं मी थांबलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चालत शेडवर गेलों आणि फलक पुन्हां वाचला. सर्वांत खालीं, पंख्यांच्या देणगीदारांनंतर, दोन ओळींची जागा मोकळी आहे. मंडळाच्या चिटणीसांना मीं त्यासंबंधीं लेखी विनंति केली आहे. रंगाऱ्याचा खर्च मी देईन, असेंहि तींत लिहिलें आहे. चिटणीसांची सध्यां रात्रपाळी चालूं आहे; ती संपली म्हणजे बैठक बोलावूं, असा त्यांचा निरोप आला आहे.